छापणारा तोच, पुसणारा तोच

२०२५च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावर महाराष्ट्रात जे रण पेटले, त्यात दोन्ही बाजूंच्या हातात एकच शस्त्र होते: सरकारचाच कागद. १६ एप्रिलच्या शासन निर्णयात तिसरी भाषा म्हणून हिंदी ‘अनिवार्य’ होती. १७ जूनच्या सुधारित आदेशात तो शब्द गेला आणि ‘सर्वसाधारणपणे’ आला. हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर किमान वीस विद्यार्थी हवेत, अशी अटही आली. सत्ताधारी म्हणाले सक्ती उठली, विरोधक म्हणाले सक्तीने फक्त वेश बदलला. ज्याला पडताळायचे होते त्याने दोन्ही पीडीएफ उतरवून घेतल्या, शेजारी शेजारी ठेवल्या आणि काय ते ठरवले. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द केल्याची घोषणा मुख्यमंत्र्यांनी केली. मग भांडण आणखी मागे सरकले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राज्यात राबवण्यासाठी नेमलेल्या माशेलकर समितीचा अहवाल आधीच्या उद्धव ठाकरे सरकारने स्वीकारला होता, की नुसता अभ्यासगटाकडे सोपवला होता? पुन्हा कागद, पुन्हा तारखा.

ते दोन्ही निर्णय आता प्रशासनाच्या लेखी मेलेले आहेत. त्यांच्यावर कुणाची बदली होणार नाही, कुणाला अनुदान मिळणार नाही. पण या वादाचा इतिहास उद्या कुणी लिहायला बसले तर त्याला नेमके तेच दोन कागद लागतील. लागू असलेला आदेश सरकारला आज काय हवे आहे तेवढेच सांगतो. सरकारला काय करायचे होते आणि लोकांनी काय करू दिले नाही, हे रद्द झालेला आदेश सांगतो. आणि असा कागद लोकांना दिसत राहील की नाही, हे ज्या विभागाने तो काढला त्याच विभागाच्या मर्जीवर आणि त्याच्या संकेतस्थळाच्या तब्येतीवर अवलंबून आहे. माझा आक्षेप इथे आहे. सरकारी माहिती जो प्रसिद्ध करतो, त्याच्याच हातात ती गुपचूप काढून घेण्याची सोय असता कामा नये. कागदाच्या काळात ती तशी नव्हती. संगणकाच्या काळात आपण ती त्याला देऊन बसलो, आणि देताना यावर कुणी चर्चाही केली नाही.

आधी थोडे कौतुक करतो, कारण तशी संधी क्वचित मिळते. महाराष्ट्र सरकारच्या प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी, सहीच्या वर, एक ठरावीक वाक्य असते: हा निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा सांकेतांक अमुक आहे. हा सांकेतांक अठरा आकडी. पहिले आठ आकडे म्हणजे तारीख, वर्षापासून सुरू होणारी. पीडीएफच्या फाइलचे नावही तेच. मंत्रालयात ज्यांनी ही पद्धत बसवली, त्यांना बहुधा फक्त नोंद ठेवायची होती. पण त्यांनी जगभरचे ग्रंथपाल ज्यासाठी डोके खाजवतात ती गोष्ट करून ठेवली, म्हणजे कागदाला कायमची ओळख दिली. संकेतस्थळाचा पत्ता बदलला, विभागाचे नाव बदलले, सरकार बदलले, तरी अठरा आकडे तेच राहतात. व्हॉट्सॲपवर फिरणारा जीआर खरा की बनावट, हे तपासायचा सगळ्यात सोपा उपायही हाच. सांकेतांक टाका, कागद निघाला तर खरा.

मात्र जीआर वाचणाऱ्याला ठाऊक असते की एकटा जीआर कधीच पुरत नाही. वर ‘वाचा’ असे लिहून खाली आधीच्या निर्णयांची, परिपत्रकांची, पत्रांची यादी असते. कधी तीन, कधी दहा-बारा. प्रस्तावनेत त्यांचे उल्लेख, आणि निर्णयात असे वाक्य: संदर्भ क्रमांक तीनमधील परिच्छेद अमुक वगळण्यात येत असून त्याऐवजी पुढील मजकूर वाचावा. आता संदर्भ क्रमांक तीन हाताशी नसेल तर समोरचा कागद म्हणजे अर्धे संभाषण. फोनवर बोलणाऱ्याचे ऐकू यावे आणि पलीकडच्याचे नाही, तशातली गत. जुने निर्णय संगणकपूर्व काळातले असले तर ते मंत्रालयातल्या त्या कार्यासनाच्या कपाटात, आणि नशीब असेल तरच. निवृत्तिवेतन अडकलेल्या शिक्षकाला किंवा अनुकंपा नियुक्तीसाठी खेटे घालणाऱ्या मुलाला हा ‘संदर्भ क्रमांक तीन’ कुठे मिळतो? कर्मचारी संघटनेच्या एखाद्या जुन्या पदाधिकाऱ्याकडे. एखाद्या प्राथमिक शिक्षकाच्या ब्लॉगवर. महाराष्ट्रात शिक्षकांनी चालवलेले असे ब्लॉग आणि समूह आहेत. तिथे सेवाविषयक निर्णय वर्षावार लावलेले सापडतात, विषयाप्रमाणे गाळून, वर ‘अधिक्रमित’, म्हणजे नव्या निर्णयाने मागे पडलेला, असा शेराही मारून. सरकारी पुराभिलेखाचे काम ही मंडळी पदरच्या इंटरनेटवर, रात्री जेवणे झाल्यावर करतात. त्यांचे आभार मानावेत आणि हे काम त्यांच्यावर पडले याची लाज वाटावी, दोन्ही एकदमच.

जीआरची अवस्था त्यातल्या त्यात बरी, कारण त्याला सांकेतांक आहे. परिपत्रके, लाभार्थी याद्या, भरतीच्या जाहिराती, निविदा, आराखड्यांचे नकाशे, समित्यांचे अहवाल, रोजची आकडेवारी यांना काय आहे? जिल्ह्याच्या संकेतस्थळावर एक कोपरा. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एका सामाईक व्यवस्थेवर नेली. दिसायला नेटकी झाली, सुरक्षित झाली, अंध वाचकांना वापरता येतील अशीही झाली. हे सगळे चांगलेच. पण नव्या घरात जाताना जुन्या घरातले सामान किती आले आणि किती मागे राहिले, याची यादी कुणी केली? महामंडळे आणि योजनांची संकेतस्थळे तर ठेकेदाराच्या करारावर जगतात. करार संपला, नवा ठेकेदार आला, त्याने नवे संकेतस्थळ ‘लाँच’ केले. त्याच्या कार्यादेशात जुना मजकूर सांभाळण्याची अटच नसेल तर तो का सांभाळेल? यात कट नसतो, वाईट हेतूही नसतो. सरकारी माहिती बहुतेक वेळा अशीच जाते, कुणाच्याही सहीशिवाय. जिल्हा गॅझेटियरचे उदाहरण घ्या. मुंबई इलाख्याच्या काळापासूनचे हे ग्रंथ सरकारने संकेतस्थळावर ठेवले, देशोदेशीच्या अभ्यासकांनी त्यांचे दुवे आपल्या लेखांत दिले, विकिपीडियावर ठिकठिकाणी दिले. ग्रंथ आजही आहेत. त्या जुन्या दुव्यांवर बोट ठेवले तर मात्र काही उघडत नाही.

आणि जे उघडते ते वाचता येते असेही नाही. युनिकोड रुळण्याआधीची मराठी सरकारी कामे डीव्हीबी-टीटी सुरेख, श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांत झाली. त्या काळातल्या पीडीएफमधून एक परिच्छेद उचलून दुसरीकडे डकवून पाहा. रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला हाती येतो. डोळ्यांना मराठी दिसते, शोधयंत्राला ते मराठी आहे हे कळतच नाही. त्याच्या जोडीला छापून, सही करून, पुन्हा तिरके स्कॅन केलेले कागद. अंध वाचकाच्या यंत्राला अशा कागदात एक अक्षर ऐकू येत नाही. तांत्रिकदृष्ट्या माहिती ‘उपलब्ध’ आहे. माहिती अधिकाराच्या उत्तरात तसे लिहूनही देता येते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. १ ऑक्टोबर २०१५पासून केंद्र सरकारने भारताच्या राजपत्राची छपाई थांबवली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ८चा आधार घेऊन राजपत्र केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात काढायचे ठरले. टनावारी कागद वाचला, दिल्लीतून प्रत यायची वाट पाहावी लागेना, गडचिरोलीतल्या वकिलालाही अधिसूचना त्याच दिवशी मिळू लागली. या निर्णयाचे स्वागतच झाले आणि व्हायलाही हवे होते. पण त्या दिवशी माध्यमाबरोबर आणखी एक गोष्ट बदलली, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. छापील राजपत्र निघाले की त्याच्या प्रती देशभर विखुरत. ग्रंथालयांत, न्यायालयांत, वकिलांच्या कार्यालयांत, विद्यापीठांत, चर्नी रोडसारख्या ठिकाणच्या शासकीय ग्रंथागारांत. नंतर सरकारला एखादे पान नकोसे झाले तर ते परत गोळा करणे अशक्य. छपाई थांबली तशी ही विखुरलेली मालकी संपली. आता प्रत एकच, आणि ती छापणाऱ्याच्याच घरी.

या विखुरण्याला आपल्याकडे कायद्याचाही आधार होता आणि आहे. १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यायची. मुंबईतले मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक. सरकारी प्रकाशनांनाही हा कायदा लागू आहे, फक्त कार्यालयीन वापराची पुस्तके सोडून. मात्र हा कायदा छापील पुस्तके आणि वृत्तपत्रांसाठी लिहिलेला. सरकारने छापणेच सोडले की त्याची कक्षा आपोआप आक्रसते. कायदा रद्द करावा लागला नाही, दुरुस्तीही करावी लागली नाही.

एकच प्रत छापणाऱ्याच्या घरी असली की काय होते, याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. ऑगस्ट २०२०मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावरच्या एका मासिक अहवालात चिनी बाजूने मे महिन्यात पूर्व लडाखमधल्या कुग्रांग नाला, गोग्रा आणि पँगाँग सरोवराच्या उत्तर काठावर अतिक्रमण केल्याचा उल्लेख होता. बातमी झाली आणि अहवाल दिसेनासा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरपर्यंत २०१७पासूनचे सगळे मासिक अहवाल संकेतस्थळावरून गेले होते. जानेवारी २०२३मध्ये जोशीमठ खचत असताना हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने उपग्रहचित्रांवरून काढलेला निष्कर्ष प्रसिद्ध केला: २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खचली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने, संस्थांच्या वेगवेगळ्या विधानांनी गोंधळ होतो असे सांगत, माध्यमांशी बोलू नका असे कळवले आणि तो अहवाल संकेतस्थळावरून उतरला. कारण अगदीच खोटे होते असे मी म्हणत नाही. संकटात अर्धवट आकडे घबराट पसरवतात. पण ज्यांच्या घरांना तडे गेले होते त्यांना तो आकडा कळण्याचा हक्क होता, आणि आज तो आपल्याला माहीत आहे तो पत्रकारांनी वेळेत उतरवून घेतला म्हणून. सरकारी माहितीचे जतन हे बातमीदाराच्या चपळाईवर सोडून चालेल काय?

दोन्ही प्रकरणांत मला सगळ्यात खटकते ते काढून टाकणे नव्हे, काढल्याची खूण न ठेवणे. कागदी फाइलमधून पान काढले तर पृष्ठांकन चुकते, टिप्पणीत उल्लेख राहतो, निदान टाचणीची भोके राहतात. संकेतस्थळावर ‘पृष्ठ आढळले नाही’ एवढेच. ते कधी होतेच नाही, पत्ता चुकला की कुणी काढले, तिन्ही गोष्टींचे उत्तर तेच.

कायदे नाहीत म्हणून हे होते असेही नाही. १९९३चा केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे, त्याच धर्तीवर महाराष्ट्राचा २००५चा आहे. संगणकाने निर्माण केलेली सामग्रीही केंद्राच्या व्याख्येत अभिलेखातच मोडते, आणि ही व्याख्या १९९३ची आहे, म्हणजे मंत्रालयात बहुतेकांनी संगणकाला हात लावण्याआधीची. अभिलेख नियमबाह्य रीतीने नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ तर सुरुवातच इथून करते की प्रत्येक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचिबद्ध करून, शक्य तेवढे संगणकावर आणून ठेवावेत, म्हणजे लोकांना अर्ज करण्याची वेळच कमी येईल. केंद्राच्या संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांतही जुना मजकूर कसा जतन करायचा याचे धोरण ठेवा असे सांगितले आहे. कित्येक संकेतस्थळांच्या तळाशी त्या धोरणाचा दुवा असतो. त्यावर बोट ठेवून वाचा कधी, करमणूक होते.

मग अडते कुठे? माझ्या मते कार्यालयाच्या समजुतीत. कागदाच्या बाबतीत आपल्या प्रशासनाला शिस्त आहे, लोक समजतात त्याहून जास्त. कुठल्याही जिल्हा परिषदेच्या लिपिकाला सहा गठ्ठे पद्धत विचारा. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. निकाली फाइल अ वर्गात गेली तर कायम, ड वर्गात गेली तर थोड्याच काळात रद्दीत. मधल्या वर्गांच्या मुदती ठरलेल्या. नष्ट करतानाही यादी होते, वरिष्ठाची सही होते. हाच लिपिक संकेतस्थळावर पीडीएफ चढवतो तेव्हा ती कुठल्या वर्गात मोडते हे त्याला कुणी सांगितलेले नसते, कारण ती फाइल आहे असे कुणाला वाटतच नाही. ती ‘वेबसाइटवर टाकलेली’ गोष्ट असते. मूळ फाइल कपाटात आहे ना, मग झाले. पण जो कागद मुळातच संगणकावर जन्मला, डिजिटल स्वाक्षरीने निघाला, त्याची मूळ फाइल म्हणजे तीच.

जतन करायचे ते नेमके कशासाठी, हा प्रश्न नेहमी येतो. त्याचे उत्तर महाराष्ट्राने अलीकडेच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. सप्टेंबर २०२३मध्ये मराठा समाजाच्या जुन्या ‘कुणबी’ नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांची कपाटे उघडली. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, कुळ नोंदवह्या, गाव नमुना चौदा, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे. निजामी अमलातले कागद पाहायला हैदराबादला माणसे गेली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचे काहीही मत असो, त्या नोंदी करणाऱ्या कोतवालाला किंवा मास्तरला हे माहीत नव्हते की शंभर वर्षांनी त्या एका शब्दावर कुणाच्या तरी पणतूचे प्रवेशपत्र अवलंबून असेल. कागद कामाचा आहे की नाही हे तो जपणाऱ्याला कळत नसते. म्हणूनच जपायचा नियम लागतो. आणि यातला विपर्यास असा की त्या नोंदी स्कॅन करून ठेवल्या कुठे, तर जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर. मूळ कागद वाळवी, पूर आणि एका राज्याचा अस्त झेलून टिकला. त्याच्या स्कॅनचा पत्ता पुढच्या नूतनीकरणात टिकेल याची हमी मी देणार नाही.

कागदाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. २१ जून २०१२ला मंत्रालयाला आग लागली, माणसे दगावली, वरच्या मजल्यांवरच्या असंख्य फायलींची राख झाली. त्यानंतर स्कॅनिंग आणि ई-ऑफिस यांना जोर आला तो योग्यच होता. पण संगणकावर आणणे हे जतनाचे अर्धेच काम, हे सातबाऱ्याने दाखवले. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना क्षेत्र चुकले, नावे गळली, हिस्से इकडचे तिकडे झाले. २०१७मध्ये गावोगाव चावडी वाचन घेऊन लोकांसमोर नोंदी वाचून दाखवाव्या लागल्या. चुका सापडल्या, कारण ताडून पाहायला हस्तलिखित सातबारा होता. तो आधीच फेकला असता तर चूक हेच सत्य ठरले असते, डिजिटल स्वाक्षरीसकट.

विरोधातले मुद्दे हलके नाहीत. कार्यालयातला अनुभवी माणूस सांगतो, रद्द झालेले जीआर संकेतस्थळावर ठेवले की लोक तेच घेऊन भांडायला येतात. खरे आहे, येतात. पण रद्द झाल्याचा शिक्का आणि नव्या निर्णयाचा सांकेतांक जुन्या पानावर ठळकपणे टाकला तर हे भांडण दारातच मिटते. उलट जुना कागद गायब असेल तर लोक तोच व्हॉट्सॲपवरून आणतात, शिक्क्याविना.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. सगळेच कायम उघडे ठेवायचे का? नाही. २०१७मध्ये केंद्र आणि राज्यांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांचे आधार तपशील उघडे पडल्याचे खुद्द आधार प्राधिकरणाने माहिती अधिकारात मान्य केले होते. अशी यादी तातडीने उतरवलीच पाहिजे. विधवा पेन्शन घेणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि खाते क्रमांक जगाला दाखवणे म्हणजे पारदर्शकता नव्हे. मात्र लोकांना दाखवणे आणि जपून ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. नावे झाकून यादी दाखवता येते, मूळ प्रत बंद दाराआड ठेवता येते, आणि काय झाकले, का झाकले, कधी उघडणार हे लिहिता येते. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातल्या कलम ८(१)(ञ)मधला, म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याच्या तरतुदीतला, सार्वजनिक हिताचा तोल त्या उपकलमापुरता काढून टाकला. सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देऊ देणारे कलम ८(२) शिल्लक आहे, पण मला भीती वाटते की ‘वैयक्तिक माहिती’ हे लेबल आता ठेकेदाराच्या बिलावरही लागेल. झाकण्याचा अधिकार द्यायचा तर त्याची खूण ठेवण्याचे बंधन आधी द्या.

खर्चाचा आक्षेप मी मनावर घेत नाही. राज्याचे सगळे जीआर मिळून जेवढी जागा लागेल त्याहून जास्त जागा एखाद्या उद्घाटनाच्या चित्रफिती खातात.

बाहेर काय चालते ते थोडक्यात. ब्रिटनचे राष्ट्रीय अभिलेखागार २००३पासून सरकारी संकेतस्थळांच्या प्रती घेते. तिथे सरकारी पान जुने होऊन हलले तर वाचकाला अभिलेखागारातल्या प्रतीकडे वळवण्याची पद्धत बसवली गेली. अमेरिकेत सत्तांतराच्या वेळी संघराज्याच्या संकेतस्थळांच्या प्रती घेण्याचा उपक्रम ग्रंथालये आणि स्वयंसेवी संस्था २००८पासून चालवतात. २०२५च्या आरंभी नव्या प्रशासनाच्या आदेशांनंतर तिथल्या आरोग्य संस्थांची हजारो पाने उतरली, डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली आणि फेब्रुवारीत न्यायाधीशांनी ती पाने परत चढवण्याचा तात्पुरता आदेश दिला. म्हणजे अमेरिकेतही सरकारचा मोह तोच. फरक एवढाच की काय होते ते दाखवायला बाहेरच्यांकडे प्रती होत्या. आपल्याकडे कोविडच्या काळात हे काम तरुण स्वयंसेवकांनी केले. राज्याराज्यांची रोजची पत्रके वाचून आकडे जुळवले आणि ३१ ऑक्टोबर २०२१ला थांबताना आधी सूचना देऊन सगळी आकडेवारी खुली ठेवून गेले. जतनाचे धोरण म्हणजे काय, हे सरकारी संकेतस्थळांच्या तळाच्या दुव्यापेक्षा त्यांच्या निरोपाच्या सूचनेतून चांगले कळते.

आपल्याला येत नाही असेही नाही. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने डिजिटल जतनाचे केंद्र उभारले, इलेक्ट्रॉनिक अभिलेखांच्या जतनाचे मानक तयार केले, ते २०१३मध्ये अधिसूचितही झाले. त्यांच्या तंत्रावर उभ्या असलेल्या दिल्लीच्या दृक्‌श्राव्य संग्रहाला २०१७मध्ये विश्वासार्ह डिजिटल भांडारासाठीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. त्याच पुण्यात पेशवे दफ्तर आहे, हजारो रुमालांत बांधलेले. इंग्रजांनी ते वर्षानुवर्षे देशी अभ्यासकांपासून लांब ठेवले, पण टिकवले, इतिहासकार गो. स. सरदेसाईंना ते उघडून निवडक कागद छापता आले, कारण उघडायला काहीतरी शिल्लक होते. दफ्तर सांभाळणारे राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे पुणे कार्यालय आणि जतनाचे तंत्र जाणणारे सी-डॅक एकाच शहरात असताना मंत्रालयाचा संगणकावर जन्मलेला कागद दोघांपैकी कुणाकडेच आपोआप जात नाही.

आणखी एक अडथळा आपण हौसेने उभा केला आहे. आपली अनेक सरकारी संकेतस्थळे देशाबाहेरून उघडतच नाहीत. सुरक्षेसाठी परदेशी वाहतूक अडवली जाते. जर्मनीत किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला आईच्या नावचा सातबारा पाहायचा तर गावच्या भाच्याला फोन करावा लागतो. तो एक वेळ भाच्याकडून काम भागवेल. पण जगभरच्या संकेतस्थळांच्या प्रती घेणाऱ्या परदेशी संग्रहांनाही त्याच दारावर थांबावे लागते, म्हणजे आपण जपत नाही आणि दुसऱ्याला जपू देत नाही.

पुढच्या अधिवेशनात कुणी आमदार अशासकीय विधेयक आणणार असेल तर महाराष्ट्राच्या २००५च्या अधिनियमात फार मोठी दुरुस्ती नको. जीआरसारखा सांकेतांक विभागांच्या, जिल्ह्यांच्या आणि महामंडळांच्या प्रत्येक प्रसिद्ध कागदाला द्यावा. प्रसिद्ध झाला त्याच दिवशी त्याची प्रत पुराभिलेख संचालनालयाकडे आणि राज्याबाहेरच्या निदान एका ग्रंथालयाकडे जावी, कुणी मागण्याची वाट न पाहता. विभागाला आपल्या पानावरून कागद खुशाल काढू द्या. रिकाम्या जागी तारीख, कारण आणि काढणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम राहिले म्हणजे झाले. संचालनालयातली प्रत मात्र विभागाच्या पत्राने हलणार नाही. ती लोकांच्या नजरेआड करायची तर माहिती आयोगाचा किंवा न्यायालयाचा लेखी आदेश लागेल, आणि तो आदेशही सांकेतांकासह त्याच जागी लावला जाईल.